एकावन्न दिवस, एकवीस तास

गाडी परत मिळाली त्या दिवशी काउंटरवरच्या मुलाने बिलासोबत जॉब कार्डाची प्रत हातात दिली. तीन पानं होती. सही करायच्या आधी वाचायची सवय मला या प्रकरणानेच लावली, म्हणून तिथेच उभी राहून वाचत गेले. पार्टचा नंबर, नग, मजुरी. मजुरीच्या शेजारी तासही लिहिलेले होते. बंपर काढणे-लावणे, फेंडर बदलणे, डेंटिंग, प्रायमर, रंग, पॉलिश. घरी येऊन तासांची बेरीज केली. २१ तास भरले. गाडी वर्कशॉपमध्ये होती ५१ दिवस.

बेरीज पुन्हा केली. तेवढीच आली. म्हणजे सकाळी नऊला हात घातला असता आणि कुणी मधे उठलंच नसतं, तर दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला गाडी दारात. असं होत नसतं हे मलाही कळतं. रंगाला वाळायला वेळ लागतो, माणसाला झोपायला लागतो. पण उरलेले दिवस गेले कुठे, हे काही डोक्यातून जाईना. या प्रकरणात माझ्याकडे एक वही झाली होती, ती उघडून बसले.

अपघात फारसा सांगण्यासारखा नाही. मी चौकातून सरळ निघाले होते. डावीकडच्या रस्त्याने एक गाडी थांबायच्या बेताने आली आणि थांबली नाही. माझ्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर येऊन बसली. पत्र्याचा मोठा डबा जिन्यावरून गडगडत यावा तसा आवाज झाला, आणि मग एकदम काहीच नाही. कोरड्या काचेवर वायपर खर्र खर्र फिरत होते. माझाच हात लागला असणार. ते बंद कसे करायचे हे मला काही केल्या आठवेना. दहा वर्षं रोज चालवत असलेल्या गाडीत मी वायपरची कांडी शोधत बसले होते.

समोरच्या गाडीतून उतरलेला मुलगा विशीतला असेल. हात थरथरत होते. "काकू, लागलं नाही ना? मला वाटलं तुम्ही थांबाल." मला वाटलं होतं तो थांबेल. कुणालाच खरचटलंही नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांना "असू दे, असू दे" म्हणत राहिलो. फोटो काढले, नंबर घेतले, रीतसर कळवायचं तिथे कळवलं.

नंतर भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, एअरबॅग कशी उघडली नाही? जणू गाडीने कामचुकारपणाच केला. समोरची एअरबॅग धक्का किती मोठा वाटला हे बघत नाही, गाडीचा वेग किती झटकन पडला हे बघते. कोपऱ्यावर बसलेल्या तिरक्या ठोकरीत तो तेवढा झटकन पडत नाही. पडलाच, तर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या तिपटीएवढ्या वेळात ती फुगून तयार असते. जिथे खरोखर घाई हवी तिथे ती करून ठेवलेली आहे, असं मी पुढे वर्कशॉपच्या खुर्चीवर बसून बऱ्याचदा म्हणाले.

पहिले चार दिवस गेले सर्व्हेअरची, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याची, वाट बघण्यात. क्लेम नंबर तासाभरात मिळाला होता, त्यामुळे मी हुरळून गेले होते. क्लेम नंबर मिळणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी मिळणं, हे नंतर कळलं. सर्व्हेअर आले ते शांत गृहस्थ होते. फोनचा टॉर्च लावून त्यांनी फेंडरच्या फटीतून आत डोकावलं, चार फोटो घेतले आणि म्हणाले, "मॅडम, वरून पंचवीस टक्के दिसतंय. उघडल्याशिवाय बाकीचं सांगता येत नाही." मग उघडायचं ना? तर उघडायलाही परवानगी लागते. ती यायला आणखी तीन दिवस.

बंपर उतरवला तेव्हा मी तिथेच होते. बाहेरून तो जेमतेम चेपल्यासारखा दिसत होता. प्लॅस्टिकच ते, दाबलं तर परत बाहेर येतं. त्याच्या मागचा पांढरा फोम मात्र तुटून दोन तुकडे झाला होता आणि त्याच्याही मागचा पत्र्याचा दांडा घडी घातल्यासारखा वळला होता. मला वाटलं हलका माल घातलाय. तिथला मेकॅनिक हसला. "ताई, तो वाकायलाच बसवलाय. तो वाकला नसता तर तुम्ही वाकला असता."

बरोबर होतं त्याचं. गाडी जितकी ताठ तितकी सुरक्षित, असंच लोक एके काळी धरून चालत. बेला बारेनी नावाच्या मर्सिडीजच्या अभियंत्याने ते उलटं केलं. माणसं बसतात ती खोली भक्कम ठेवायची आणि पुढचा-मागचा भाग ठोकर पोटात घेत चुरगळू द्यायचा. त्याने पेटंटसाठी अर्ज केला १९५१ मध्ये, आणि ही रचना मुद्दाम करून बाजारात आलेली पहिली मर्सिडीज १९५९ ची. त्याच १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिनचा तीन जागी अडकणारा सीटबेल्टही गाड्यांत बसू लागला. दोघांचे उपकार मोठे. पण बारेनीच्या युक्तीची एक किंमत आहे आणि ती वर्कशॉपमध्ये चुकवावी लागते. नुकसान आत जाऊन बसतं. वरून पाव, आतून पाऊण. म्हणून पहिलं एस्टिमेट बहुतेक वेळा खोटं ठरतं आणि दुसरं करावं लागतं. दुसरं एस्टिमेट म्हणजे दुसरे फोटो, दुसरी तपासणी, दुसरी परवानगी.

माझं दुसरं एस्टिमेट दोन दिवसांत तयार झालं आणि मग सहा दिवस कुठेच गेलं नाही.

या सहा दिवसांबद्दल मी अजूनही पुरती थंड झालेले नाही. वर्कशॉपला फोन केला की उत्तर यायचं, "मॅडम, आपल्याकडून सगळं गेलंय, कंपनीचं अप्रूव्हल नाही आलं." कंपनीला फोन केला की आधी रेकॉर्ड केलेली बाई सांगायची, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक खरा आवाज सांगायचा, "वर्कशॉपकडून कागदपत्रं प्रलंबित आहेत." दोघंही अतिशय नम्र होते, आणि दोघंही आपल्या परीने खरं बोलत होते. सहाव्या दिवशी मी तिथे जाऊन बसले आणि सर्व्हिस अॅडव्हायझरला म्हटलं, तुम्ही पाठवलेली मेल मला फक्त दाखवा. त्याने स्क्रीन फिरवली. मेल त्याच्या आउटबॉक्समध्ये होती. फोटो इतके जड होते की ती गेलीच नव्हती. बिचारा लालबुंद झाला. त्याने फोटो लहान केले आणि पाठवले. चार मिनिटं लागली. वहीत मी तेव्हा फक्त "६ दिवस – फोटो जड" एवढंच लिहिलंय. अक्षर बघवत नाही.

मंजुरी येईपर्यंत आणखी पाच दिवस गेले. मी पॉलिसी वाचायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. झोप येईल म्हणून घेतली होती, पण हळूहळू त्यातली एक गोष्ट मनात घर करून बसली. विम्याचं मूळ वचन असं आहे की तुम्ही आधी होतात तिथे तुम्हाला परत नेऊन ठेवायचं. मागे नाही आणि पुढेही नाही. इंग्लंडमध्ये १८८३ साली कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन नावाचा खटला झाला, त्यात हे फार ठसठशीत सांगून ठेवलंय. एका मालकाने घर विकायचा करार केला. व्यवहार पुरा व्हायच्या आधी घराला आग लागली. विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली, आणि घेणाऱ्यानेही ठरलेली पूर्ण रक्कम दिली. म्हणजे मालकाला घराचे पूर्ण पैसे मिळाले, वर आगीचेही. कंपनी कोर्टात गेली आणि जिंकली. भरपाई पूर्ण मिळेल, पण पूर्णाहून जास्त कधीच नाही, हा त्यातला दंडक. आपली कंपनी आपल्याला पैसे देऊन मग आपल्या जागी उभी राहून समोरच्याकडे वसुलीला जाते, त्यामागेही हाच विचार आहे.

न्याय्य आहे, मान्य. घसाराही त्यातूनच येतो. दहा वर्षांच्या गाडीला कोरा बंपर लागला तर मी तेवढ्यापुरती श्रीमंत होते, म्हणून प्लॅस्टिकच्या आणि रबराच्या पार्टवर माझा वाटा मी भरायचा. माझ्या बंपरमुळे मी श्रीमंत होऊ नये याची एवढी बारीक काळजी कुणी घेईल असं मला वाटलं नव्हतं.

पण हा तराजू पत्र्याचा आहे. फोम, दांडा, दिवा, रंग, सगळ्याला रकाना. मी पहाटे उठून दोनदा वाहन बदलून कामावर पोचते, आईला दवाखान्यात न्यायला दर वेळी कुणाला तरी गळ घालते, दिवसातून एक तास फोन कानाला लावून ते संगीत ऐकते, त्याला रकाना नाही. होता खरं तर. दुरुस्ती होईपर्यंत दुसऱ्या गाडीची सोय असं एक जादा कलम होतं, त्याच्यापुढे छोटासा चौकोन होता. नूतनीकरणाच्या वेळी तो मीच रिकामा सोडला होता. आपल्याला कशाला लागतंय, म्हणून.

तोवर वर्कशॉपमध्ये मंजुरी पोचली आणि पार्ट मागवले गेले. सगळे आले, एक सोडून. डावा हेडलाइट.

पूर्वी काच फुटली तर काच आणि बल्ब गेला तर बल्ब बदलायचे. आता माझ्या गाडीत सगळा मिळून एक नग आहे, सीलबंद. एक खुंटी तुटली तरी अख्खा दिवा नवा. आणि दिवा बसल्याशिवाय फेंडर आणि बॉनेटच्या फटी जुळवता येत नाहीत, म्हणून बाकीचं कामही थांबलं. काम थांबलं म्हणून माझ्या गाडीची जागा दुसऱ्या गाडीला गेली आणि माझी भिंतीकडेला ढकलली गेली. काचेवर चिठ्ठी, एका डोळ्याच्या जागी खोबण आणि त्यातून लोंबणारी वायर. तिच्यावर धूळ बसली होती. कुणीतरी बोटाने त्या धुळीत एक हसरा चेहरा काढला होता. पुसावासा वाटला, पण राहू दिला.

नवव्या दिवशी फोन आला, "मॅडम, दिवा आलाय." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. अॅडव्हायझरने माझ्यासमोर खोकं फोडलं, थर्माकोल बाजूला केला, दिवा दोन्ही हातांनी अलगद उचलला, खोबणीपाशी नेला आणि तसाच धरून उभा राहिला. मी म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, "उजवा आहे."

पार्ट मागवताना चासी नंबर द्यावा लागतो. १७ अक्षरं-आकडे, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं मुद्दाम वगळलेली, कुणी ती एक आणि शून्य म्हणून वाचू नयेत म्हणून. इतकी सावधगिरी. पण तो नंबर गाडी कुठली ते सांगतो, डावं-उजवं सांगत नाही. ते पार्टच्या नंबरात असतं, आमच्या दिव्याच्या बाबतीत शेवटच्या एका आकड्यात. तो आकडा कुणीतरी दुपारी जड डोळ्यांनी टाइप केला होता. त्या एका आकड्याला आणखी ११ दिवस लागले.

जवळ साठा का ठेवत नाहीत, असं मी चिडून विचारलं. तर हल्ली तो कुणीच ठेवत नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच, ही टोयोटाने बसवलेली पद्धत जगभर गेली. गोदामात पडून राहिलेला माल म्हणजे वाया गेलेला पैसा. कारखान्याच्या हिशोबाने ते खरंच आहे. पण २०२१ च्या मार्चमध्ये चारशे मीटर लांबीचं एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस निघेना, तेव्हा सगळ्यांनाच कळलं की कुणाच्याच गोदामात काही नाही. गोदामात पडून राहायचं ते आता मी राहत होते, एवढाच फरक.

जहाजांवरून आठवलं. विम्याचा धंदा वाढला तोच मुळी जहाजांवर. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजवाले आणि विमा उतरवणारे जमायचे, आणि तिथूनच पुढे लॉइड्ज हा विम्याचा बाजार उभा राहिला. त्यांच्याकडे एक घंटा आहे. १७९९ मध्ये बुडालेल्या ल्यूटीन या जहाजाची ती घंटा १८५८ मध्ये समुद्रातून वर काढली. मुदत उलटून गेलेल्या जहाजाची खबर आली की ती वाजवायचे. बुडालं असेल तर एक ठोका, सुखरूप असेल तर दोन. सगळ्या दालनाला एकाच क्षणी कळावं, कुणी आधी कळल्याचा फायदा उठवू नये, म्हणून.

हे मला फार आवडलं. जहाज लवकर यावं म्हणून त्यांना काहीच करता येत नव्हतं. वादळाला फोन करायची सोय नव्हती. पण वाट बघणाऱ्याला खबर पोचली पाहिजे, एवढं त्यांनी धंद्याचा भाग म्हणून मान्य केलं होतं. मला तर एक ठोकाही चालला असता. तुमचा दिवा अजून महिनाभर येत नाही, असं कुणी स्वच्छ सांगितलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते आणि पुढच्या सोयीला लागले असते. मला रोज मिळत होतं ते "उद्यापर्यंत". हा शब्द माणसाला ना बसू देतो ना उठू देतो.

त्या उजव्या दिव्याच्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. तोवर मी विचारत होते, गाडी कधी मिळेल? या प्रश्नाला समोरच्याकडे खरं उत्तर नसतं, म्हणून तो गोड उत्तर देतो. आता मी विचारू लागले, आत्ता या क्षणी गाडी नेमकी कशासाठी थांबलीय आणि ते कुणाच्या टेबलावर आहे? याला "उद्यापर्यंत" हे उत्तर होत नाही. उत्तर येईल ते वहीत, तारीख आणि नावानिशी. फोन ठेवायच्या आधी वाचून दाखवायचं, "म्हणजे तुमचं म्हणणं असं की…" आणि तेच संध्याकाळी मेलवर. मी भांडले नाही. भांडायचा दम खरं तर उरलाच नव्हता. पण दोनतीन दिवसांत गंमत झाली, अॅडव्हायझर स्वतःहून फोन करू लागला. "मॅडम, दिवा गोदामातून निघालाय, लिहून घ्या."

चाळिसाव्या दिवशी डावा दिवा आला. तो डावाच होता.

मग रंग. वर्कशॉपमधला हा एवढाच भाग मी आनंदाने बघितला. पेंटरकाका साठीचे असतील. गाडीचा रंग चंदेरी, मेटॅलिक. मला वाटायचं, रंगाचा कोड असतो, डबा मागवायचा आणि मारायचा. त्यांनी तीन पत्र्याच्या पट्ट्यांवर तीन मिश्रणं मारली, वाळू दिली आणि एकेक पट्टी दारावर धरून उन्हात मला दाखवली. समोरून तिन्ही सारख्याच. "आता इकडून बघा," म्हणून मला दिव्याच्या बाजूला उभं केलं, तर एक निळसर, एक काळपट आणि एक जवळजवळ गाडीसारखी. मेटॅलिक रंगात धातूचे बारीक कण असतात, ते रंगात कसे पडतात यावर उजेड कुठून परततो ते ठरतं. गन लांब धरली तर एक छटा, जवळ धरली तर दुसरी. शिवाय दहा वर्षं उन्हात राहिलेल्या गाडीचा रंग तिच्या स्वतःच्या कोडशीही जुळत नाही. म्हणून फेंडर रंगवताना न ठोकरलेल्या दारावरही रंगाची झाक ओढत नेतात, जोड डोळ्याला सापडू नये म्हणून. "ताई, रंग डब्यातून येतो, छटा हातातून," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. त्यांनी स्वतः फोन केला. "आज उजेड खोटा आहे, छटा कळत नाही. आजचा दिवस देता का?" मी लगेच दिला. फोन ठेवल्यावर माझं मलाच नवल वाटलं. बेचाळीस दिवस एकेका दिवसासाठी जीव खाणारी मी, हा दिवस सहज देऊन मोकळी झाले होते, आणि दिवसभर मला जरासुद्धा राग आला नाही.

राग आला तो नंतरच्या दोन दिवसांचा, आणि तो माझा चुकला. रंग झाला, पॉलिश झाली, गाडी चकाचक उभी होती आणि मला म्हणाले रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम जुळवणं, राहिलंय. माझ्या गाडीत बंपरमागे एक छोटं रडार आहे, पुढच्या वाहनाचं अंतर बघणारं. मी जवळजवळ म्हणून गेले होते, राहू दे ते, मी तशीच नेते. अॅडव्हायझरने कागदावर एक त्रिकोण काढला. रडार एका अंशाने जरी वाकडं बसलं, तर शंभर मीटरवर ते पावणेदोन मीटर बाजूला बघतं. पावणेदोन मीटर म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी. मी गप्प बसले. ओरडून नेलेली गाडी शेजारच्यासाठी ब्रेक मारत सुटली असती.

शेवटचे दोन दिवस बिलाच्या मंजुरीत गेले, ते सोडून देते. एक तेवढं सांगते. "काम समाधानकारक झाले" या कागदावर गाडी बघायच्या आधी सही मागतात. मी आधी गाडीभोवती फिरले, बॉनेट उघडून मिटलं, दिवे लावले, वायपरसुद्धा फिरवून बघितले. ठोकर लागली त्या बाजूची खिडकी खाली जाताना कुरकुरत होती. सही केली असती तर ती कुरकुर माझी झाली असती. अर्ध्या तासात दुरुस्त झाली.

चालवायला बसले तर हात सराईत होते, पाय नव्हता. मधल्या काळात दुसऱ्यांच्या गाडीत बसतानाही प्रत्येक चौकात माझा उजवा पाय समोरची चटई दाबायचा, आणि चालवणारा तिरक्या नजरेने बघायचा. त्याच चौकातून घरी यायचं होतं. डावीकडचा रस्ता रिकामा होता, तरी मी थांबले. मागच्याने हॉर्न दिला. मग आणखी एकदा दिला. मी त्याला जाऊ दिलं.

रात्री वही मिटताना तो मुलगा आठवला. मधे एकदा, चोविसाव्या दिवशी, त्याचा फोन आला होता. "काकू, मिळाली का गाडी?" तेव्हा मी तुटक बोलले होते. आता मीच लावला.

"मिळाली रे, आज मिळाली. तुझी?"

"नाही ना काकू. अजून तिथेच आहे."

"कशासाठी थांबलीय?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही.

"तसं काही बोलले नाहीत," तो म्हणाला. "उद्यापर्यंत देतो म्हणाले."

"लिहायला काही आहे का जवळ?" मी विचारलं.